घंटी वाजवली होती ना!

(या भागात जे बोललो ते इथे लिहून दिलंय. बोलण्यातले शब्द मुद्दाम तसेच ठेवलेत.)



आजचा भाग सुरू करायच्या आधी एक विनंती. हे तुम्ही चालता चालता ऐकत असाल तर उजव्या कानातला इअरबड काढून खिशात ठेवा. एका कानाने ऐका मला. चालेल मला. कारण आजचा विषय कदाचित तुमच्या मागूनच येत असेल.

विषय आहे सायकल. म्हणजे सायकलवाला आणि पायी चालणारा एकाच वाटेवर आले की काय होतं, त्याबद्दल. मी सायकलवाला आहे हे जुन्या श्रोत्यांना माहीतच आहे. खड्डे, कट मारून जाणारे टेम्पो, सायकल ट्रॅकवर लावलेल्या गाड्या, यावर मी इथे भरपूर रडलोय. आज उलटं आहे. आज तक्रार माझ्याबद्दल आहे, आणि ती मीच करणार आहे.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. पुण्यात मुठा उजवा कालवा आहे. खडकवासल्याहून निघतो आणि शहरातून वाट काढत हडपसरच्या दिशेने पुढे जातो. त्याच्या कडेने काही ठिकाणी चालण्यासारखी वाट आहे. आमच्या भागातला तुकडा साधारण सहाशे मीटरचा. गाड्या नाहीत, एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला पाणी. सकाळी सहा ते आठ तिथे अख्खी कॉलनी असते. आजी-आजोबा, हसण्याचा क्लब, कुत्री, कुत्र्यांचे मालक, बॅडमिंटनची रॅकेट पाठीला लावलेली पोरं. आणि मी.

माझ्या सायकलिंगच्या ॲपमध्ये त्या सहाशे मीटरचा एक टप्पा कोणीतरी आखून ठेवलाय. त्यात कोणाला किती वेळ लागला याची यादी लागते. माझा सगळ्यात चांगला वेळ होता १ मिनिट २८ सेकंद. त्या दिवशी मला तो दीडच्या आतून अजून खाली आणायचा होता. १ मिनिट २५. बास. तीन सेकंदांसाठी मी साडेसहाला अंथरुणातून उठून आलो होतो.

पुढे एक आजी चालत होत्या. साडी, वर स्वेटर, पायात पांढरे बूट. वाटेच्या अगदी डाव्या कडेने. एकट्या. त्यांचं काही म्हणजे काही चुकत नव्हतं. उजवीकडे भरपूर जागा होती, तिथून मी आरामात निघून गेलो असतो. आणि मी चांगला सायकलवाला ना, म्हणून दहा-बारा मीटरवरून घंटी वाजवली. दोनदा. ट्रिंग ट्रिंग.

आजी दचकल्या. आणि झटकन उजवीकडे आल्या. बरोबर माझ्या रेषेत.

मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक घसरलं, हँडल त्यांच्या हाताला लागलं, त्या पडल्या, मी पडलो. माझा गुडघा सोलवटला. त्यांनी पडताना हात टेकला होता. उजवं मनगट मोडलं.

आता ऐका, मी उठल्यावर पहिलं वाक्य काय बोललो. “लागलं का?” नाही. “सॉरी आजी”, तेही नाही. मी म्हणालो, “अहो आजी, घंटी वाजवली होती ना मी!”

जमिनीवर पडलेल्या बाईला मी हे म्हणालो. एक आजोबा त्यांना उठवायला धावत आले होते, त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

मग रिक्षा, दवाखाना, एक्स-रे, सहा आठवड्यांचं प्लास्टर. आजींचा मुलगा आला. शांत माणूस. त्याने मला एकच प्रश्न विचारला, “किती स्पीड होता?” मी म्हणालो, “जास्त नव्हता हो काका.”

मंडळी, हे खोटं होतं. माझ्या खिशातल्या फोनमध्ये आकडा होता. २६.

घरी आल्यावर मी तो आकडा घेऊन बसलो. खरं सांगतो, मी स्वतःला निर्दोष ठरवायलाच बसलो होतो. अकरावीचं फिजिक्स आठवून वहीवर गणित केलं. तुम्हीही करून बघा, अवघड नाही.

ताशी २६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७ मीटरच्या वर. समोर काहीतरी झालंय हे डोळ्यांना दिसून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच सात मीटर गेले. मग ब्रेक लागल्यावर, कोरड्या रस्त्यावर, माझ्या साध्या ब्रेकला थांबायला अजून आठ-नऊ मीटर. एकूण सोळा मीटर. हा अंदाज आहे, टायर आणि रस्त्याप्रमाणे मागेपुढे होईल. पण मी घंटी कितीवर वाजवली होती? दहा-बारा मीटरवर.

म्हणजे घंटी वाजवली त्या क्षणी मला थांबणं शक्यच नव्हतं. माझ्या हातात काहीच उरलेलं नव्हतं. पुढे जे काही करायचं ते सगळं आजींनी करायचं होतं. तेही दोन सेकंदांच्या आत. आवाज ऐकायचा, तो सायकलचा आहे हे ओळखायचं, कोणत्या बाजूने येतोय ते ठरवायचं, आणि बरोबर बाजूला सरकायचं. किंवा अजिबात न हलता तशीच सरळ चालत राहायचं. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने. मागे न बघता. आणि त्या या परीक्षेत नापास झाल्या म्हणून मी त्यांनाच म्हणत होतो, घंटी वाजवली होती ना!

आता तेच गणित ताशी १२ च्या वेगाने करा. एका सेकंदात सव्वातीन मीटर, ब्रेकचे पावणेदोन-दोन. पाच-सव्वापाच मीटरमध्ये सायकल उभी. दहा मीटरवर आजी आडव्या आल्या असत्या तरी मी पाय टेकवून उभा राहिलो असतो, आणि त्या म्हणाल्या असत्या, “अगंबाई, घाबरले ना मी!” एवढ्यावर विषय संपला असता.

अजून एक. धक्का वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट की धक्क्यातली ताकद चौपट. १२ आणि २५ हे आकडे ऐकायला दोन्ही सायकलचेच वाटतात, स्कूटरपुढे दोन्ही किरकोळ. पण म्हाताऱ्या मनगटाला ते दोन्ही एकसारखे नाहीत.

आणि वाचवत काय होतो मी? सहाशे मीटर ताशी १२ ने गेलो तर तीन मिनिटं लागतात. माझं टार्गेट १ मिनिट २५. फरक दीड मिनिटाचा. दीड मिनिट आणि सहा आठवडे. वहीवर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि वही मिटली.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. जायचं की नाही यावर बराच विचार केला. पेरू घेऊन गेलो. दार उघडलं त्यांच्या सुनेने, चेहऱ्यावर काही नाही, आत या म्हणाली. आजी पलंगावर बसल्या होत्या. मी माफी मागितली. या वेळी नीट मागितली. आणि मुलाला सांगितलं, “काका, त्या दिवशी खोटं बोललो. सव्वीसने होतो.” तो म्हणाला, “मला अंदाज होता.” एवढंच.

मग आजी म्हणाल्या, “अरे, घंटी ऐकली होती मी. पण कुठून आली ते नाही कळलं. मला या कानाने ऐकू येत नाही.” आणि डाव्या हाताने उजवा कान दाखवला.

आवाज कुठून येतोय हे आपला मेंदू दोन्ही कानांमधल्या फरकावरून ठरवतो. कोणत्या कानाला आधी पोचला, कोणत्या कानाला मोठा वाटला. एकच कान चालत असेल तर सगळे आवाज त्याच कानाच्या बाजूने आल्यासारखे वाटतात. आजींना घंटी डावीकडून आल्यासारखी वाटली. म्हणून त्या घाईने उजवीकडे सरकल्या. म्हणजे त्यांनी अगदी बरोबर केलं होतं! त्यांच्या हिशोबाने त्या सायकलला जागाच करून देत होत्या.

पाठीमागून हे कोणाला दिसणार? कान चालत नाही हे पाठीवर लिहिलेलं नसतं. मोतीबिंदू झालाय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आत्ताच फोनवर वाईट बातमी आलीये, यातलं काहीही मागून दिसत नाही. आणि आपण तरुण लोक? आपण तर दोन्ही कान स्वतःच्या हाताने बंद करून फिरतो. बाहेरचा आवाज कापणारे इअरबड पैसे मोजून घेतो. हा पॉडकास्ट ऐकताना तुम्हीही आजींसारखेच आहात. म्हणून सुरुवातीला म्हटलं, एक काढा.

त्या सहा आठवड्यांत मी बऱ्याचदा गेलो. उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणजे काय असतं हे मला तिथे कळलं. साडी नेसता येत नाही, म्हणून गाऊनवर. केस विंचरायला सून लागते. पोळी लाटता येत नाही याचं त्यांना फार वाईट वाटायचं, कारण घरात पोळ्या त्यांच्याच असायच्या. जपमाळ डाव्या हाताने ओढायच्या आणि मग म्हणायच्या, हे काही खरं नाही.

प्लास्टर निघालं. हात बराचसा बरा झाला. पण आजी कालव्यावर परत आल्या नाहीत. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वीस फेऱ्या मारायला लागल्या. गाड्यांच्या मधून. जिथे झाडं आहेत, पाणी आहे, मैत्रिणी आहेत ती वाट सोडून. हाड सहा आठवड्यांत जुळलं, हे मात्र जुळलं नाही. आणि याचा आकडा कोणत्याही ॲपमध्ये येत नाही.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आणि सायकलवाले मित्र तर नक्कीच म्हणतील, की बाबा, मग आम्ही जायचं कुठे? रस्त्यावर गाड्या जगू देत नाहीत. सायकल ट्रॅक मधेच संपतो, नाहीतर त्यावर कोणीतरी गाडी लावलेली असते. म्हणून आम्ही चालणाऱ्यांच्या वाटेवर येतो. हौस नाही ती.

मान्य. शंभर टक्के मान्य. मीही त्याच कारणाने तिथे होतो. पण बघा ना गंमत. मोठ्या रस्त्यावर टेम्पोवाला माझ्या मागून येतो, हॉर्न मारतो आणि कोपराला घासून जातो. मी शिव्या देतो. त्याला विचारा, तो काय म्हणेल? “हॉर्न दिला होता ना!” शब्द बघा. तेच वाक्य आहे. मोठ्या रस्त्यावर मी लहान, तिथे मला जे नको असतं तेच मी कालव्यावर आजींना दिलं. टेम्पोच्या भीतीने पळून आलेला मी, कालव्यावर येऊन स्वतः टेम्पो झालो.

मी जरा वाचलं याबद्दल, बाकीचे देश काय करतात ते. दोन देशांचं मला मजेशीर वाटलं. ब्रिटनमध्ये २०२२ साली त्यांच्या रस्त्याच्या नियमावलीत बदल झाले. जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्व त्यात आलं. सामायिक वाटेवर सायकलवाल्याने चालणाऱ्याच्या जवळून किंवा वेगाने जाऊ नये, खासकरून मागून, असं त्यात सांगितलंय. आणि आपण येतोय हे कळवा, हवं तर घंटी वाजवा किंवा नम्रपणे हाक मारा, असंही. समोरच्याला ऐकू येत नसेल किंवा दिसत नसेल हे लक्षात ठेवा, हेही त्यातच आहे.

जपानमध्ये बरोबर उलटं. तिथे ज्या फुटपाथवर सायकलला परवानगी आहे तिथे सायकल सावकाशच चालवायची, चालणाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचं, आणि बाजूला व्हा म्हणून घंटी वाजवायची नाही. कायद्यानेच नाही. घंटी धोका टाळायला, रस्ता मागायला नाही.

म्हणजे एक देश म्हणतो वाजवा, दुसरा म्हणतो वाजवू नका. पण वेगाच्या बाबतीत दोघांचं एकमत आहे. चाकवाल्याने हळू व्हायचं. घंटी वाजवायची की नाही यावर वाद होऊ शकतो, ब्रेकवर नाही.

आणि आपल्याकडे? सायकलला लायसन लागत नाही, नंबर प्लेट नाही, म्हणून आपल्याला वाटतं कायदाही नाही. तसं नाहीये. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे, बेदरकारपणे वाहन चालवून दुसऱ्याच्या जिवाला धोका करण्याबद्दलचं. त्यात ‘कोणतंही वाहन’ म्हटलंय. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजींच्या घरच्यांनी तक्रार केली नाही. ते त्यांचं मोठेपण, माझी हुशारी नाही.

इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी तर जास्तच ऐका. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आतला वेग असला, वजनाची अट पाळली, की तिला मोटार वाहन धरत नाहीत. रजिस्ट्रेशन नाही, लायसन नाही. ठीक आहे. पण ज्या वेगाने मी आजींना पाडलं, जवळजवळ त्याच वेगाला ती सायकल पोचते. घाम न येता. दम लागला की माणूस आपोआप हळू होतो, मोटरला दम लागत नाही. तिथे हळू व्हायचं काम डोक्यालाच करावं लागतं.

मग मी आता काय करतो ते सांगतो. उपदेश म्हणून नका घेऊ, पडलेल्या माणसाचा अनुभव म्हणून घ्या.

एक. चालणाऱ्यांच्या वाटेवर शिरलो की आधी वेग कमी, मग बाकी सगळं. रिकामी वाट असेल तर बारा-पंधरा. माणूस दिसला की अजून कमी. अगदी जवळून जायची वेळ आली तर चालण्याच्या वेगाने, किंवा सरळ उतरून. उतरण्यात कमीपणा नाही. सायकलला पायडल असतात तसे आपल्याला पाय असतात.

दोन. समोरच्याने अचानक दोन्ही हात पसरले तरी लागणार नाही इतकी जागा असेल तरच पुढे जायचं. नसेल तर मागे थांबायचं.

तीन. घंटी लांबून, एकदा, हलकी. आणि वाजवल्यावर ब्रेकवर बोटं. त्याने ऐकलं असेल असं धरायचंच नाही. उत्तर नाही आलं तर तोंडाने सांगायचं. “काका, उजवीकडून येतोय.” माणसाच्या आवाजाला माणूस दचकत नाही, घंटीला दचकतो.

चार. लहान मुलं आणि कुत्री यांच्याजवळ नियम लागू होत नाहीत. मूल आईकडे पळतं, आणि आई नेमकी वाटेच्या दुसऱ्या बाजूला असते. कुत्रा एकीकडे, मालक दुसरीकडे आणि मधे पट्टा. पहाटे तो पट्टा दिसत नाही. तिथे एक पाय खाली.

पाच. घाम काढायचा असेल, वेळ मारायचा असेल, तर ती वाट त्यासाठी नाही. त्या टप्प्याला मी ॲपमध्ये ‘धोकादायक’ म्हणून खूण केली. आता तिथे यादी दिसत नाही. माझा १ मिनिट २८ पण गेला. जाऊ दे.

चालणाऱ्यांनाही थोडं सांगतो. चौघींनी हातात हात घालून अख्खी वाट अडवू नका, कुत्र्याचा पट्टा आखूड धरा, एक कान मोकळा ठेवा. पण एक लक्षात घ्या, या दोन चुका सारख्या नाहीत. तुम्ही चुकलात तर मला ब्रेक दाबावा लागतो. मी चुकलो तर तुमचं हाड मोडतं. म्हणून जास्त सांभाळायचं मी.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

फेब्रुवारीत मी आजींना म्हटलं, चला, मी येतो सोबत, कालव्यावर जाऊ. त्या नको नको म्हणाल्या, मग आल्या. मी बाहेरच्या बाजूने, त्या कडेने. त्या वाटेवर मी शेकडो वेळा सायकल चालवलीये, पण इतक्या सावकाश कधी चाललोच नव्हतो. आणि मागून घंटी आली. ट्रिंग ट्रिंग. आजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली. एक पोरगा सूंकन गेला. माझ्याच वयाचा, डोक्याला हेल्मेट, हातात ग्लोव्ह्ज. त्याने घंटी वाजवली होती. तो स्वतःच्या मते अगदी नीट वागला होता. आजी पुढची दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत.

परत येताना अजून एक मुलगी आली सायकलवरून. ती आमच्या मागे हळू झाली, आणि म्हणाली, “आजी, उजवीकडून जाऊ का?” आजींनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “जा गं बाळा, सावकाश जा.” ती गेली. माझा दंड कोणी धरला नाही.

आजी आता महिन्यातून दोन-तीनदा येतात. कोणी सोबत असेल तरच. एकट्या अजून येत नाहीत. त्या एकट्या येतील त्या दिवशी मी तुम्हाला सांगेन.

तोवर, तुमच्या भागातल्या अशा वाटेबद्दल मला व्हॉइस मेसेज पाठवा. सायकलवाले असाल तरी, चालणारे असाल तरी. भेटू पुढच्या भागात. आणि तो इअरबड घाला आता परत. एकच हं!